शस्त्राच्या रकान्यात दुर्बीण

आषाढ अर्धा सरला की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, आली हिची लहर. म्हणू देत. अकोल्याच्या आभाळातून या दिवसांत ढग नुसते जातात, आपल्याकडे वळून पाहतसुद्धा नाहीत. खाली कपाशीत बैलांचे डवरे चाललेले असतात, बाया निंदायला वाकलेल्या असतात, मी नववीच्या वर्गात फळ्यावर बेडकाचं तीन कप्प्यांचं हृदय काढत असते, आणि खिडकीतून दिसतं की सगळा लवाजमा उत्तरेला, सातपुड्याकडे निघालाय. तिथे तो उतरतो. मेळघाटाच्या माथ्यावर ढग आभाळात राहत नाही. तो वाटेवर राहतो, झाडाच्या बुंध्याशी बसतो, दार उघडं दिसलं तर घरात येतो. हे मला ठाऊक आहे, म्हणून मला वर्गात उभं राहवत नाही.

एका पावसाळ्याने ही खोड लावली. तेव्हा मी अमरावतीला मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. वय सत्तावीस. लग्न झालेलं नव्हतं आणि त्याची मला सोडून सगळ्यांना काळजी होती. नवं राज्य होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सरकारी कागदांवर जुन्या राज्याचं नाव खोडून वर नव्याचा रबरी शिक्का मारलेला असायचा, आणि तो हमखास तिरपा. मला तो तिरपा शिक्का फार आवडायचा. वाटायचं, एवढं हललंय तर आणखी थोडं आपणही हलवून पाहावं.

गव्याचं वेड त्याहून जुनं. बाबा वकील. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर एका पक्षकाराने भेट दिलेलं गव्याचं मुंडकं होतं, पेंढा भरलेलं, काचेच्या डोळ्यांचं. लहानपणी आम्ही त्याच्या शिंगांना टोप्या अडकवायचो. पक्षकार त्याच्याखाली बसून भाऊबंदकीच्या कहाण्या सांगायचे आणि ते वरून ऐकायचं. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं, तेव्हा एक दिवस लक्षात आलं की ज्या जनावराच्या नजरेखाली मी वाढले त्याची नजर मी पाहिलेलीच नाही. आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. आमच्या ओळखीत ज्याने ज्याने गवा पाहिला होता, त्याने तो बंदुकीच्या नळीवरून पाहिला होता. मला तो नुसता पाहायचा होता. चरताना, उभा असताना, काहीच करत नसताना.

आणि पावसाळ्यातच पाहायचा होता. हिवाळ्या-उन्हाळ्यात जंगल शिकाऱ्यांना मोकळं असे. जीपा जात, मचाणं बांधली जात, जनावर उठवायला हाका घातला जाई. पावसाळ्याचे महिने तेवढी शिकार बंद. म्हणजे वर्षातून तेवढेच दिवस गवा निर्धास्त असणार, हे माझं सरळ गणित. त्या दिवसांत माथ्यावर कोवळं गवत येतं आणि कळप वर चढतात, एवढं वाचलेलं होतं. चिखलदऱ्यापलीकडे चार कोसांवर जंगलखात्याचा एक जुना बंगला होता. तिथे राहायला आणि राखीव रानात पाऊल टाकायला परवाना लागे. तो माझ्या नावाने काढायचा आणि जायचं, एवढीच योजना. एवढ्याशा योजनेला किती माणसं आडवी येऊ शकतात, ते त्या पावसाळ्यात कळलं.

सोबतीला शांता. ती आमच्याच शाळेत ड्रॉइंग आणि ड्रिल शिकवायची. हिवरखेडची, शेतकऱ्याघरची, सातपुडा जिच्या अंगणातून दिसतो अशी. मधल्या सुट्टीत तिला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं.

"जनावरं पाहाले जाऊन राहिली?" ती म्हणाली. "त्याच्यासाठी एवढ्या दूर काहून? आमच्या वावरात ये. डुकरं रोज येतात, बिनपरवान्याचे."

"डुकरं नाही गं, गवा."

"अन् बंदूक?"

"नाही."

"संगं मानूस?"

"नाही."

 शांता पदर खोचून म्हणाली, "मंग मी तयार हाय. कधी निघाचं सांग."

परवान्याच्या ऑफिसात एक पोक्त कारकून होते, तिवशाचे. कानावर पेन्सिल, टेबलावर पितळी तांब्या. त्यांनी आदराने खुर्ची दिली, छापील फॉर्म पुढे केला आणि स्वतःच विचारायला लागले.

"बंदुकीचा नंबर सांगा बाई."

"बंदूक नाही."

"घरी राहिली काय?"

"घरीही नाही."

"मंग मारसान कशानं?"

"मारायचा नाही. पाहायचा आहे."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत कानावर ठेवली. "पाहाचा फारम नाई आपल्यापाशी," ते म्हणाले, आणि खरंच वाईट वाटून म्हणाले. "आजवर कोनी मांगितलाच नाई तं ठेवनार कसा?"

"मग याच फॉर्मवर भरू?"

"भरा नं. पन रकाना खाली सोडू नका. खाली रकान्याचा अर्ज वर साहेबाकडे जात नाई."

मी शिक्षिका. रकाना रिकामा सोडू नये हे मुलींना मीच सांगत असते. 'शस्त्र' या शब्दापुढे मी 'दुर्बीण' लिहिलं. 'जनावर' पुढे 'गवा'. आणि 'किती' या रकान्यात, अगदी प्रामाणिकपणे, 'जितके दिसतील तितके'. सही केली आणि वाटेत संत्र्याच्या गोळ्या घेऊन खुशीत घरी आले.

दहा दिवसांनी उत्तर आलं. शिकारबंदीच्या काळात गवे मारण्यास, तेही संख्येची मर्यादा न ठेवता, परवानगी देता येत नाही, आणि अर्जासोबत शस्त्राचा परवानाही जोडलेला नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि गच्चीवर जाऊन शांताला वाचून दाखवलं. ती हसून हसून खाली बसली. पण गोष्ट गच्चीवर राहिली नाही. आठवड्याच्या आत आमच्या आळीत झालं की वकीलसाहेबांची मुलगी गव्यांचे कळपच्या कळप मारायला निघालीय. देवळात एका बाईंनी आईला विचारलं, "मुलगी नेमबाजी कुठे शिकली हो?" आई घरी आली ती फणफणतच. म्हणाली, "उद्या कोण येईल तुला बघायला?" मी म्हटलं, "येईल तो जरा जपून तरी वागेल." आईला हसू आलं होतं, मी पाहिलं. तिने ते पदराआड दाबलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आज हे लिहितेय तेव्हा अकोल्यात हवा कोंदलेली आहे, चपलेला काळी माती चिकटून पाऊल जड झालंय, आणि वर्गातल्या मुली घटक चाचणीच्या नावाने कण्हताहेत. मला मात्र त्या पावसाळ्याचा वास येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्पिरिटचा आणि बुरशीचा. तिथेच कपाटाच्या तळाशी ती दुर्बीण सापडली होती. एक डोळा स्वच्छ, दुसऱ्याच्या काचेवर आतून बुरशी. म्हणजे एका डोळ्याने पाहायचं, तेही दोघींत पाळीपाळीने. शांता म्हणाली, "अर्धा तुया, अर्धा माया. घरी येऊन जोडू." आम्ही तयारी चालूच ठेवली होती, परवाना नसताना. लोक मुहूर्ताआधी मांडव घालतात तसं.

गवा पाहायचा तर गप्प बसता आलं पाहिजे. आम्ही दोघी वऱ्हाडी, त्यातून मास्तरणी. पहिल्या दिवशी गच्चीवर घड्याळ लावून गप्प बसलो आणि पाच मिनिटांच्या आत शांता म्हणाली, "जमून राहिलं नं?" हळूहळू जमलं. मग पाहायचा सराव. गव्याच्या जवळचं म्हणून म्हैस घेतली. रविवारी एस. टी. धरून वलगावला जायचं आणि गावाबाहेर बाभळीखाली बसून म्हशी पाहायच्या. वहीत टिपायचं की आधी कान हलतो की आधी मान उचलते, वारा कुठून असला की कुठे तोंड करून बसते. मी जन्मभर म्हशीचं दूध प्याले होते पण म्हैस पाहिली नव्हती. तिला पापण्या असतात, लांब, एखाद्या नव्या नवरीसारख्या. हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं याची लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी म्हशीवाला आलाच. खांद्यावर काठी, चेहऱ्यावर संशय.

"काय पाहून राहिल्या बाई तुमी? तीन रविवार झाले. माया भुरीनं दूध कमी केलं."

"आम्ही नुसतं पाहतो," मी म्हटलं.

"नुसतं कोनी पाहाते काय? विकत घ्याची असंन तं सांगा. सरकारी असान तं तसं सांगा. नाई तं नजर लावू नका."

शांताने त्याला आमची सगळी योजना सांगितली. त्याने काठी टेकवली आणि नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "गव्याले पाहाले जाता म्हून म्हशीवर हात बसवून राहिल्या. बरं हाय. पन इच्यासमोर दुर्बीन धरू नका, इले समजत नाई." पुढच्या रविवारी तो आमच्याशेजारी बसला. अख्ख्या अमरावती जिल्ह्यात माझी योजना एका झटक्यात समजलेला तो दुसरा माणूस.

मग मी साहेबांना भेटले. साहेब तरुण, देशावरून बदलून आलेले, स्वच्छ बोलणारे. त्यांनी चहा मागवला. पहिल्या अर्जाबद्दल हसले, क्षमा मागितली आणि तितक्याच गोडव्याने मला दुसरीकडे वळवायला लागले.

"डिसेंबरात या ना. आमची पार्टी असते. बायकांसाठी मचाणावर सतरंजी घालतो आम्ही."

"डिसेंबरात ढग नसतो."

"ढगात जनावर दिसत नाही, बाई."

"म्हणजे बंदुकवाल्यालाही दिसत नाही. म्हणूनच मला त्या दिवसांत जायचंय. तेवढ्याच दिवसांत त्याला मारायला कुणी येत नाही. मला न घाबरलेला गवा पाहायचाय."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, जमलं. ते म्हणाले, "ठीक आहे. नवा अर्ज द्या. फक्त पालकांचं संमतीपत्र जोडा. वडिलांचं चालेल."

ही गोष्ट मी रात्रीच्या जेवणात काढली. बाबा म्हणाले, "एक सही तर आहे. आण, करतो."

"नको."

"का गं?"

"पगार मी माझ्या सहीने घेते. चाळीस मुलींच्या प्रगतिपुस्तकांवर माझी सही चालते. आणि गवा पाहायला तुमची लागणार?"

"नियम असेल तसा."

"तुम्ही वकील आहात. दाखवा कुठे आहे तो."

 बाबा ताटावरून उठले नाहीत, पण ताकभात फार वेळ कालवत राहिले. मी अर्जात लिहिलं: मी सज्ञान आहे, स्वतः कमावते, संमतीपत्र जोडत नाही. खाली सही इतकी दाबून केली की पुढच्या कोऱ्या कागदावर ती उमटली.

श्रावणात राखीपौर्णिमेला लागून चार दिवस सुट्टी होती. त्याच्या दोन दिवस आधी ऑफिसचा शिपाई सायकलवरून परवाना घेऊन दारात उभा राहिला. माझं नाव, शांताचं नाव, बंगल्यात तीन रात्री. मी धावत शांताच्या खोलीवर गेले. तिने माझे दोन्ही हात धरून मला ड्रिलसारखं गरगर फिरवलं. दशम्या झाल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, लाह्या बांधल्या, हिवरखेडहून दोन घोंगड्या आल्या. सगळं आवरून मी परवाना ट्रंकेत ठेवायला घेतला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरात होतं: अर्जदाराच्या वडिलांच्या संमतीपत्रावरून मंजूर.

बाबा बैठकीत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला.

"गेलो होतो ऑफिसात," ते म्हणाले. "अर्ज तसाच पडला होता. सुट्टी वाया गेली असती तुझी."

"मी नको म्हटलं होतं, बाबा."

"अगं, तू जावंस असंच मला वाटत होतं."

याच वाक्याने मी खचले. आडवे आले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्यांनी वाट करून दिली होती, आणि त्या वाटेने मी गेले तर ती त्यांची वाट होती. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच परवाना परत केला. कारकून म्हणाले, "आलेला परवाना कोनी वापस करते काय बाई? माया नोकरीत पयल्यांदा पाहून राहिलो." मी म्हटलं, पावती द्या. त्यांनी पावतीही दिली.

शांता माझ्यावर भडकली. "तू पागल झाली वं! तुया बापानं चांगलंच केलं. गव्याले काय फरक पडते सही कोनाची हाय तं?" आणि निघून गेली. तिचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. गव्याला फरक पडत नव्हता. मला पडत होता. सुट्टीचे चारही दिवस मी घरात बसून काढले. घोंगड्यांना उबट वास येत होता, दशम्या आम्हीच खाल्ल्या. खिडकीतून ढग उत्तरेला जाताना दिसायचे. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तत्त्वासाठी कुणाला रडू येत नाही, गवा गेला म्हणून आलं. बाबांशी मी बोलत होते, पण चहा घ्या, पेपर आलाय, एवढंच.

पाचव्या दिवशी पुन्हा अर्ज केला. तोच मजकूर, तीच सही. पुढची सुट्टी पोळ्याची: पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्याला लागून रविवार. अर्जाखाली मी एक ओळ वाढवली की वडिलांच्या संमतीवर दिलेला परवाना मी घेणार नाही, तेव्हा तसदी घेऊ नये. उद्धट होती ती ओळ. आज पुन्हा लिहायची वेळ आली तर मी तीच लिहीन.

परवाना पोळ्याच्या आदल्या दुपारी आला. मी दारातच उभी राहून आधी तळ वाचला. तिथे फक्त तारीख आणि साहेबांची सही होती. उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. कुठेही दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं. साहेब माझ्या अर्जांना कंटाळले असावेत, मी मनात म्हटलं, आणि कंटाळले तर कंटाळले. शांता आठ दिवस फुगून होती. तिच्या खोलीवर गेले तर तिची पिशवी भरलेलीच होती. "मले मालूम होतं," ती म्हणाली, "तू थकवून टाकशीन त्यायले."

पोळ्याच्या सकाळी गावागावांत बैल धुतले जात होते, शिंगांना रंग लागत होता, आणि आमची एस. टी. परतवाडा सोडून घाट चढत होती. सागाला फुलोरा आला होता, झाडांच्या शेंड्यांवर पांढरा फेस. अर्ध्या घाटात काच पांढरी झाली. ड्रायव्हरने दिवे लावले. शांताने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आलो आपन." चिखलदऱ्याला बंगल्याचा चौकीदार सुकलाल न्यायला आला होता. कोरकू, पन्नाशीचा, डोक्यावर पळसाच्या पानांची खोळ. त्याने आमच्या मागे पाहिलं. एस. टी. रिकामी होऊन वळली तरी पाहत राहिला.

"साहेब लोग?"

"साहेब लोग आम्हीच," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, घोंगड्या खांद्यावर टाकल्या आणि चालायला लागला. त्याला ते पटायला एवढाच वेळ लागला. खाली आम्हाला दोन महिने लागले होते.

दोन दिवस फक्त ढग. बंगल्याच्या व्हरांड्यातून दहा पावलांवरचं झाड जायचं, यायचं. केस ओले, उशी ओली, काडेपेटी ओली. पानांवरून थेंब पडत राहायचे, पाऊस नसतानाही. शेवाळाचा, अळंब्यांचा, कुजक्या लाकडाचा वास. दुर्बिणीच्या चांगल्या डोळ्यातूनही पांढरंच दिसायचं. आम्ही गप्प बसलो होतो, सरावापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते जड गेलं नाही. मला एकदाही वाटलं नाही की चूक केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर सुकलालने हात आडवा धरला. समोर ढग कमरेएवढ्या उंचीवर लटकला होता आणि त्याच्याखाली गवताची मोकळी पट्टी. तिथे पाय होते. पांढरे पाय, गुडघ्यापर्यंत मोजे घातल्यासारखे, आणि वर काळं काहीतरी, जे लगेच ढगात नाहीसं होत होतं. चार पाय. मग त्यांच्यामागे आणखी. मग एका पिल्लाचे, बारीक, अडखळणारे. गवत तुटण्याचा आवाज येत होता, फर्र, फर्र, सावकाश. वाऱ्याबरोबर गोठ्याचा उबदार वास आला. एक मोठा सुस्कारा ऐकू आला, दुपारी जेवून लवंडलेला माणूस सोडतो तसा. ते घाबरलेले नव्हते. तेवढंच मला पाहायचं होतं आणि ते पायांवरूनही दिसत होतं. शांता रडत होती, आवाज न करता. मीही. दुर्बीण पिशवीतून काढलीच नाही. ते पाय चरत चरत ढगात गेले आणि पट्टी रिकामी झाली.

अमरावतीत सगळ्यांनी विचारलं, दिसला का? मी म्हणायचे, पाय दिसले. लोक हसायचे. हसू देत. त्यांनी अख्खे गवे पाहिले होते, पण पडलेले.

परवाना काम झाल्यावर ऑफिसात परत द्यायचा असतो, मागच्या बाजूचा तपशील भरून. मारलेली जनावरं, जखमी झालेली, निसटलेली. मी पहिल्या दोन्हींत 'निरंक' लिहिलं आणि तिसऱ्यात 'सगळी'. कारकुनांनी ते वाचलं, मान डोलावली आणि जोडायला माझी फाईल उघडली. पानं उलटताना एका कागदावर मला ओळखीचं अक्षर दिसलं, वकिली, उजवीकडे झुकलेलं. ऑफिसने माझ्या तिसऱ्या अर्जावर पुन्हा बाबांना लिहिलं होतं, संमती पाठवा म्हणून. त्याचं ते उत्तर होतं. 'अर्जदार सज्ञान आहेत व स्वतः कमावतात. त्यांना संमती देण्याचा मला कायद्याने अधिकार नाही. सबब संमतीपत्र पाठवता येत नाही.'

"तुमच्या वडलानं तं साफ नाई म्हून लेहून देल्लं होतं," कारकून हळू आवाजात, मला सांभाळत म्हणाले. "तरी साहेबानं परवाना देल्ला. नशीब समजा बाई."

  त्यांनी तांब्यातलं पाणी दिलं, ते मी प्याले आणि चालत घरी आले.

बाबा बैठकीत कुठल्याशा दाव्याचे कागद चाळत होते. मी समोरच्या, पक्षकाराच्या खुर्चीत बसले. पायांबद्दल सगळं सांगितलं, पिल्लाचंही, सुस्काऱ्याचंही. त्यांनी चष्मा काढून ऐकलं, मध्ये एकदाही काही विचारलं नाही. पत्राचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही. मग मी म्हटलं, "बाबा, पुढच्या पोळ्याला याल माझ्याबरोबर?"

त्यांनी चष्मा पुसला, घातला, आणि माझ्याकडे वकिलासारखं पाहिलं.

"परवाना कुणाच्या नावाने?"

"माझ्या."

"मग येतो," बाबा म्हणाले.